पाहुण्यांचं खातं

आमच्या किराणा दुकानात उधारीच्या दोन वह्या आहेत. एक लाल कापडी पुठ्ठ्याची, काउंटरवर सगळ्यांसमोर उघडली जाणारी. दुसरी गल्ल्याच्या खालच्या खणात असते. तिच्यात चारच खाती आहेत, आणि त्यातल्या एका पानावर अण्णांच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, 'पाहुणे'. आडनाव नाही, पत्ता नाही, मोबाइल नंबर नाही. खाली नुसता माल: तांदूळ ३० किलो, तूरडाळ ८, शेंगदाणे, गूळ, चहा पावडर, खोबरेल तेल, कपड्यांचा साबण, सॅनिटरी पॅडची आठ पाकिटं. लहानपणी मला एवढंच कोडं होतं, की अण्णांकडे महिन्याला तीस किलो तांदूळ खाणारे पाहुणे येतात, तर ते आमच्या घरी कधी जेवायला का बसत नाहीत?

गावाचं नाव मी लिहिणार नाही. नदी आहे, साखर कारखाना आहे, रात्री साडेअकराला एसटी स्टँडवर शेवटची गाडी लागते. पश्चिम महाराष्ट्रात अशी कितीतरी गावं सापडतील, त्यातलं कुठलंही एक धरा. लोकांची नावंही देणार नाही. का, ते पुढे येईलच, आणि ते सांगताना मला फार बरं वाटणार नाहीये.

नऊ वर्षांची असताना अण्णांनी मला पहिल्यांदा त्या घरी पाठवलं. दुकानातला पोऱ्या पोती दारापर्यंत न्यायचा, पण उंबऱ्याच्या आत पुरुषांना मज्जाव होता, मग तो चौदा वर्षांचा का असेना. आतून यादी आणायची, डबे मोकळे करून आणायचे, ही कामं माझ्याकडे आली. मला ते घर आवडायचं. कारण तिथे कायम कुणीतरी माझी वेणी घालून द्यायचं, आणि प्रत्येक वेळी वेगळं कुणीतरी. एकदा एका काकूंनी उजवा हात गळ्यात बांधलेला असताना डाव्या हाताने माझी वेणी घातली, आणि ती घरी पोचेपर्यंत सुटली. आईने विचारलं, "ही कुणी घातली गं?" मी सांगितलं. आई काही बोलली नाही. तिने ती वेणी सोडली, परत घातली, आणि दुसऱ्या दिवशी मला लाडवांचा डबा घेऊन पाठवलं.

त्या घराला पाटी नाही. कागदोपत्री ते महिलांसाठीचं निवारागृह आहे. चालवणाऱ्या बाई आहेत, त्यांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणतात, शाळेतल्यासारखं. नवऱ्याने मारलं, सासरच्यांनी हाकललं, भावाने दारातून परत पाठवलं, की बायका इथे येतात. कुणाला पोलीस आणतात, कुणाला संरक्षण अधिकारी, कुणी १८१ वर फोन करून येतं. आधी बहुतेक जणी जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये राहिलेल्या असतात. तिथे पाच दिवस राहता येतं. सहाव्या दिवशी कुठे जायचं, हा प्रश्न ज्या घरांनी सोडवायचा असतो, त्यातलं हे एक.

कायद्याचं मी पुढे बाईंकडूनच शिकले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा म्हणतो, की बाईने मागितला तर निवारागृहाने निवारा द्यायचा. आधी तक्रार नोंदवून ये, मग बघू, असं म्हणता येत नाही. अर्ज केल्यावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असंही त्यात आहे. हे साठ दिवस वाचून दाखवताना बाई हसतात. आणि त्या कायद्याच्या नियमांत आणखी एक गोष्ट लिहिली आहे, जी मी बाईंच्या टेबलाच्या काचेखाली शंभर वेळा पाहिली असेल: बाईची इच्छा असेल, तर ती इथे आहे हे निवारागृहाने उघड करायचं नाही, आणि जिच्या तक्रारीत ज्याचं नाव आहे त्याला तर नाहीच. मी ते पाहिलं होतं. वाचलं नव्हतं बहुतेक.

अनुदान येतं तेव्हा येतं. मधल्या महिन्यांत ते घर कसं चालतं, हे मला खालच्या खणातल्या वहीने शिकवलं. 'पाहुणे'च्या जमेच्या बाजूला विचित्र नोंदी असतात. 'पिठाची गिरणी – दळण माफ.' 'डॉ. – ५००.' 'रि. – ३ फेऱ्या, घेतले नाहीत.' 'नाव नको – २०००.' रि. म्हणजे रिक्षावाले काका. रात्री शेवटची एसटी आली आणि एखादी बाई लेकराला कडेवर घेऊन, हातात फक्त प्लॅस्टिकची पिशवी घेऊन स्टँडवर फिरायला लागली, की स्टँडवरचा चहावाला काकांना हाक मारतो. काका तिला एकच प्रश्न विचारतात: "ताई, बायकांच्या घरी सोडू का पोलीस स्टेशनला?" बाकी काही विचारत नाहीत. मी एकदा म्हटलं, काका, तुम्हाला उत्सुकता नाही वाटत? तर म्हणाले, "विचारलं की ती उतरतीय गं. मागं दोघी उतरल्या."

शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. आईच्या मागे आलेल्या पोरांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो, कारण तो आणायला जुन्या शाळेत गेलं की बापाला पत्ता लागतो. शिक्षण हक्क कायद्याने दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, पण कायद्यात असणं वेगळं आणि समोरच्या टेबलावरच्या बाईंनी "बसव त्याला वर्गात, बाकीचं मी बघते" म्हणणं वेगळं. या बाई तसं म्हणतात. शिवाय हजेरीपट सोडून बाकी कुठेही, वर्गाच्या फोटोत, स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत ती मुलं दिसणार नाहीत हे त्या जातीने बघतात. ब्लाउज शिवणाऱ्या मावशी आहेत, त्या काज-बटणाचं, हेमिंगचं काम देतात आणि पैसे रोजच्या रोज हातात देतात. पाच हजारांहून कमी भाड्यात खोली देणारे, 'मिस्टर काय करतात' न विचारणारे अख्ख्या गावात दोन घरमालक आहेत. दोनच. निवारागृहातून बाहेर पडायची वेळ येते तेव्हा सगळ्यात अवघड गोष्ट तीच असते. कायदा, कोर्ट, पोलीस सगळं एकवेळ होतं, एकट्या बाईला खोली मिळत नाही.

हे वाचून गाव फार थोर आहे असं वाटायला लागलं असेल तर थांबा. २०११ साली आमच्याच गल्लीतल्या बावीस घरांनी नगरपालिकेत अर्ज दिला होता, की 'सदर ठिकाणी अनोळखी महिलांची ये-जा असते व परिसरातील वातावरण बिघडत आहे'. अण्णांनी सही केली नाही, म्हणून वर्षभर काही घरांनी आमच्याकडून माल घेतला नाही. अर्जाचं पुढे काहीच झालं नाही. आपल्याकडे अर्जांचं होत नाही हा कधीकधी फायदाही असतो.

आणि मदत करणाऱ्यांतही प्रकार आहेत. दरवर्षी दिवाळीआधी साड्यांची गाठोडी येतात. त्यात अर्ध्या साड्यांचे काठ उसवलेले. वाढदिवसाला केक घेऊन येणारे असतात, त्यांना 'तिथल्या महिलांसोबत' फोटो हवा असतो. एका गृहस्थांनी मुदत संपत आलेल्या बिस्किटांचे बारा बॉक्स दिले आणि त्यासोबत स्वतःच्या नावाचं बॅनर. खरी गरज काय असते? नवी अंतर्वस्त्रं. सात नंबरच्या चपला, कारण बरीच जण अनवाणी येतात. फोनचा रिचार्ज. झेरॉक्स, नोटरी. तारखेला कोर्टात जायचं भाडं. २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यावर विनोद चालले होते, बाईंनी मात्र त्या महिन्याचा हिशेब मांडून दाखवला की किती तारखा जास्त गाठता येतील.

आता माझ्याबद्दल. मी पुण्यात डिजिटल मार्केटिंग करते. म्हणजे करत होते, २०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आले आणि मग परत गेलेच नाही. दुकानाच्या माडीवर बसून मी साबणाच्या, स्किन क्रीमच्या कंपन्यांच्या पोस्ट लिहायचे आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसायचे. २०२२ च्या दिवाळीआधी 'पाहुणे'च्या पानावरची बाकी सत्तावीस हजारांवर गेली होती. अण्णा काही बोलत नव्हते, पण घाऊक व्यापाऱ्याचे फोन टाळत होते. मला राग आला. अण्णांचा नाही, या सगळ्या गुपचूप प्रकाराचा. चांगलं काम आहे, तर लोकांना कळू द्या ना! यांना सांगता येत नाही म्हणून पैसे येत नाहीत, असं माझं ठाम मत झालं. मी रोज निरुपयोगी क्रीमसाठी लोकांच्या खिशातून पैसे काढते, तर यासाठी नाही काढता येणार?

बाईंना मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मुद्दाम विचारलं नाही, कारण त्या नको म्हणतील हे मला माहीत होतं.

मी काळजी घेतली होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. एकाही बाईचा फोटो नाही. गावाचं नाव नाही. दार, खिडकी, गल्ली नाही. नुसता ओसरीवरचा एक कोपरा, तिथे दिवाळीचा माल रचलेला: रवा, मैदा, पिठीसाखर, पणत्या, लहान मुलांचे फ्रॉक. वर तीन परिच्छेद, चांगले लिहिलेले. मी त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडाही घातला होता: २०१९–२१ च्या पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी साधारण चौदा टक्क्यांनीच कुणाकडे मदत मागितली, आणि तीन-चतुर्थांशांहून जास्त जणींनी कुणाला सांगितलंही नव्हतं. खाली माझा यूपीआय क्यूआर. चार दिवसांत ६१,४०० रुपये जमले. पुण्यातल्या मैत्रिणी, जुने बॉस, अमेरिकेतला मावसभाऊ, अनोळखी लोक. मी माडीवर बसून रिफ्रेश करत होते आणि मला, काय सांगू, फार भारी वाटत होतं.

वसुबारसेच्या संध्याकाळी एक माणूस दुकानात आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. त्याने पारले-जीचा पुडा घेतला. मग खिशातून फोन काढला आणि स्क्रीन अण्णांसमोर धरली. "ही पिशवी तुमचीच ना?"

आमच्या दुकानाच्या कापडी पिशव्या आहेत. प्लॅस्टिकबंदी झाली तेव्हा मीच हौसेने छापून घेतल्या होत्या. पिवळ्या पिशवीवर लाल अक्षरात दुकानाचं नाव, आणि खाली फोन नंबर. फोटोत त्या चौदा दिसत होत्या.

अण्णांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, निवांत पाहिलं. "आमचीच," म्हणाले.

"कुणाच्या घरी गेलाय हा माल?"

"माझ्या बहिणीच्या. तिच्याकडं कार्य आहे."

"बायकांच्या आश्रमाला गेलाय असं लिहिलंय ह्यात."

"पोरीनं लिहिलंय. तिला काय कळतंय? जाहिरातीचं काम करते ती." आणि मग अण्णा, ज्यांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला पाच पैशांचं खोटं सांगितलं नाही, त्या माणसाला दहा मिनिटं बहिणीच्या घरच्या न झालेल्या कार्याबद्दल सांगत राहिले. आचारी कुठला, मंडप कितीचा. मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते आणि माझे हात गार पडले होते. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "माझी बायको आणि मुलगी आहे हो तिथं. सणाचं न्यायला आलोय." आवाज अगदी मऊ होता. त्या आवाजावर मीही विश्वास ठेवला असता.

त्याची बायको कोण, हे मला तेव्हाच कळलं. जूनपासून होती ती. तिची मुलगी पाचवीत होती आणि मला 'पिशवीताई' म्हणायची. तिच्या आईच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. का येत नव्हतं ते तिच्या फाइलमध्ये होतं. ती मावशींकडे ब्लाउज शिवायला जायची, आणि दिवाळीच्या घाईत मावशींनी तिला पहिल्यांदाच कापायलाही दिले होते.

तो गेला नाही. त्याला नक्की घर कळलं नव्हतं, पण गल्ली कळली होती. कोपऱ्यावरच्या पानटपरीवर उभा राहिला. बाईंनी ११२ ला फोन केला, पोलीस आले, त्याला समज दिली, तो गेला आणि दीड तासाने परत आला. कोर्टाचा अंतरिम आदेश अजून व्हायचा होता, तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची. रस्त्यावर उभं राहिलो तर काय गुन्हा झाला, असं तो पानवाल्याला विचारत होता. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीला सोबत त्याचा भाऊ आणि आणखी एक जण होता, मोटरसायकलींवर.

त्या दोन दिवसांत गल्लीने जे केलं, ते कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही. पानवाल्याने दुकान लवकर बंद केलं, म्हणजे त्यांना टेकायला जागा राहिली नाही. बचत गटातल्या बायकांनी त्या घराच्या समोरच्या ओट्यावर फराळाचा घाट घातला. भर रस्त्यात स्टोव्ह, परात, चकल्यांचे सोरे. रात्री अकरापर्यंत त्या तिथे बसून होत्या, आणि ते लोक जवळून गेले की मोठ्याने, "काय पायजे भाऊ? कुणाकडं आलाय?" असं विचारत होत्या. प्रत्येक वेळी. रिक्षावाल्या काकांनी रिक्षा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आडवी लावून इंजिन उघडून ठेवलं होतं, ते दोन दिवस दुरुस्तच होत नव्हतं.

पण ती आता इथे राहू शकत नव्हती. बाईंनी दुसऱ्या जिल्ह्यात बोलणं केलं. प्रश्न होता दाराचा. त्या घराला एकच दार आहे आणि ते गल्लीत उघडतं. मागे भिंत, भिंतीपलीकडे ज्यांचं परसदार, त्यांचं नाव २०११ च्या अर्जावर पहिल्या पाचांत होतं. अण्णा त्यांच्याकडे गेले. काय बोलले मला माहीत नाही, पाच मिनिटांत परत आले. रात्री पावणेदहाला, गल्लीत सगळीकडे आकाशकंदील लागलेले असताना, त्या आजोबांनी स्वतः भिंतीला शिडी लावली आणि धरून उभे राहिले. आधी मुलगी चढली, मग तिची आई. पलीकडच्या रस्त्यावर भाजीचा टेम्पो होता. मुलीने उतरताना माझ्याकडे पाहून हात हलवला. तिला वाटत होतं आम्ही काहीतरी खेळतोय. की वाटत नव्हतं, आणि ती मला बरं वाटावं म्हणून हलवत होती? मी यावर बराच विचार केलाय.

त्या आजोबांनी पुढे कधी त्या अर्जाबद्दल किंवा शिडीबद्दल काही म्हटलं नाही. अण्णांनीही नाही.

लोक म्हणतात, कुणाला काही झालं नाही ना, मग झालं. नाही झालं तसं. त्या मुलीची पाच महिन्यांतली ही दुसरी शाळा सुटली. वर्गात फळ्याशेजारी तिने काढलेलं मोराचं चित्र लावलं होतं, ते मुख्याध्यापिकांनी काढून बाईंकडे दिलं, पाठवायला पत्ता नाही म्हणून ते तिथेच आहे. मावशींकडे तीन ब्लाउज कापून पडले होते. मावशींनी ते रात्री बसून स्वतः शिवले आणि त्याचे पैसे 'पाहुणे'च्या खात्यावर जमा केले, ती नोंद आजही त्या पानावर आहे. कोर्टातल्या तारखांना ती आता कुठून, किती लांबून येत असेल, ते मला माहीत नाही. माहीत असताही कामा नये.

मी पोस्ट डिलीट केली. तोपर्यंत ती तीनशे वेळा शेअर झाली होती. मला वाटलं बाई माझ्यावर ओरडतील. त्यांनी फक्त टेबलावरची काच पुसली आणि म्हणाल्या, "चेहरे झाकलेस ना तू? एवढं सुचलं. पिशव्या नाही सुचल्या." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ६१,४०० रुपयांचं काय झालं हे पैसे देणाऱ्यांनी विचारलं, त्यांना मी काहीच सांगितलं नाही. काही जण रागावले, एकीने मला फसवणूक करणारी म्हटलं. ठीक आहे.

त्यानंतर मी बरेच महिने एकच गोष्ट डोक्यात घोळवत होते. ज्या जागेची खबर गरजू बाईपर्यंत पोचली पाहिजे आणि तिच्या मागावर असलेल्यापर्यंत पोचता कामा नये, तिची जाहिरात करायची कशी? मार्केटिंगच्या भाषेत टारगेट ऑडियन्स आणि ज्याच्यापासून लपायचं तो, दोघं एकाच घरात राहतात, बऱ्याचदा एकच फोन वापरतात. हा प्रश्न नवा नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवा बायकांनी येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं म्हणून शहरात चक्क भिंतींवर पत्रकं लावली होती. म्हणजे जागा जाहीर, आणि आत येणारीचं नाव गुप्त. सनातनी पुण्यात हे करायला काय लागलं असेल! पैशांचं म्हणाल तर अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधी सुरू केला. दिवाळीत घरोघर जाऊन मुलींसाठी ओवाळणी मागायची. तिथल्या मुलींपैकी एकीचाही फोटो न दाखवता लोक देत होते, आणि ती प्रथा अजून चालू आहे.

आम्हीही तेच उचललं. आता दर दिवाळीला बचत गटाच्या दोघी गल्लोगल्ली जातात आणि 'पाहुण्यांची भाऊबीज' मागतात. पोस्ट नाही, क्यूआर नाही, पावती बुकावर नुसतं सामान लिहिलेलं. ज्यांना माहीत आहे ते देतात, ज्यांना माहीत नाही ते विचारतात, आणि कुणाला किती सांगायचं हे त्या दोघी माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात. दोन्ही वर्षी साठ हजारांपर्यंत कधीच गेलं नाही. पण बाकी आता दहाच्या वर जात नाही.

माझं काम वेगळं आहे. बाईंनीच दिलं. नवी बाई आली की तिचा फोन माझ्याकडे येतो. तुम्ही फोनवर हे वाचताय म्हणून जरा नीट सांगते. बहुतेक जणींचा फोन नवऱ्याने घेऊन दिलेला असतो, त्यातलं गूगल खातं त्याने उघडलेलं, पासवर्ड त्याला पाठ. म्हणजे त्याला घरी बसून नकाशावर ती दिसते. व्हॉट्सअ‍ॅप कुठल्यातरी दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर जोडलेलं असतं, आणि तिला वाटतं बहिणीशी बोलणं खाजगी चाललंय. आधारला मोबाइल नंबर त्याचा, त्यामुळे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. बँकेलाही तोच. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा झाले, तर त्याचा मेसेज पहिल्यांदा तो वाचतो. मग एकेक करून सगळं सोडवायचं. आधी फोन बंद, सिम काढून ठेवायचं. मग जोडलेली उपकरणं, लोकेशन शेअरिंग, नवं खातं. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, त्यासाठी जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही, हे बहुतेकींना माहीतच नसतं. आणि सगळ्यात आधी विचारायचं, की घाईत यातलं काही बदललं तर त्याला लगेच कळेल का, आणि कळलं तर मागे राहिलेल्या कुणाला त्रास होईल का. कधीकधी उत्तर हो असतं. मग तसंच ठेवावं लागतं काही दिवस.

गेल्या गुरुवारी एक जण आली. वय विचारलं तर म्हणाली बावीस, दिसत होती त्याहून लहान. सोबत दीड वर्षाचा मुलगा. फोनची काच फुटलेली, पडून फुटलेली नव्हती. मी म्हटलं, ताई, हा पूर्ण रिकामा करून परत लावावा लागेल, फोटो वगैरे जातील, काही ठेवायचंय का? तिने फोन मागून घेतला आणि बराच वेळ वरखाली करत राहिली. लग्नाचे, बारशाचे, जत्रेतले फोटो. मग एकावर थांबली. एक तपकिरी शेळी, दाव्याला बांधलेली, कॅमेऱ्यात बघणारी.

"एवढाच," ती म्हणाली.

"हिचं नाव काय?"

"राणी. माहेरनं दिलेली. व्याली असंल आत्तापतोर."

मी तो फोटो माझ्या लॅपटॉपवर घेतला, त्याच्यामागे दडलेली जागेची नोंद काढून टाकली, मग फोन पुसून नव्याने लावला आणि तो एकच फोटो परत त्यात घातला. तिने तो वॉलपेपर करून मागितला.

दुकानात आले तेव्हा अण्णा खालची वही उघडून बसले होते. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पाहुणे किती?"

"दोन वाढले. एक लहान आहे."

त्यांनी तांदळापुढचा आकडा खोडून ३२ केला, आणि खाली एक नवी ओळ लिहिली: नाचणीसत्त्व, १ पाकीट.